‘भारी आहे, पण…’: अंधाऱ्या सुपरहिरो सिनेमापुढे मन दुभंगतं ते का?

मोठा गाजावाजा झालेला एखादा गंभीर, काळोखा सुपरहिरो सिनेमा लागला की पाहून आलेल्या निम्म्या लोकांच्या तोंडी एकच वाक्य असतं: ‘भारी आहे, पण…’ या ‘पण’च्या पुढे काय येईल याचा मात्र नेम नसतो. पण फार लांबला. पण डोकं जड झालं. पण पोरांना घेऊन जायला नको होतं. पण हिरोपेक्षा व्हिलनच आवडला, आणि ते काही बरं वाटत नाहीये. मग ग्रुपवर दोन तट पडतात. एकीकडे ‘मास्टरपीस’वाले, दुसरीकडे ‘उगाच डोक्यावर घेतलाय’वाले, आणि मधल्याला दोन्हीकडून दटावणी: एक काय ते सांग, आवडला की नाही?

ते सांगता येत नसेल तर त्यात बघणाऱ्याचा दोष नाही, असं माझं मत आहे. हे सिनेमे एकमेकांशी न पटणारी दोन आश्वासनं देऊनच तिकीट विकतात. दोन्ही पाळणं जमत नाही. कुठलं आश्वासन कुठे मोडलं हे ओळखता आलं की त्या ‘पण’च्या पुढचं वाक्य नीट पुरं करता येतं.

उदाहरणाला एकच सिनेमा घेतो: क्रिस्टोफर नोलनचा ‘द डार्क नाइट’. जुलै २००८ मध्ये तो आला आणि तेव्हापासून या जातीच्या प्रत्येक सिनेमाला त्याच्याच शेजारी उभं करून मापलं जातं. ज्यांनी तो अजून पाहिला नसेल त्यांनी इथेच थांबावं. पुढे शेवटापर्यंतचं सगळं फुटणार आहे.

दोन आश्वासनं आणि तिसरा हिशेब

सुपरहिरो या प्रकाराचं आश्वासन साधं आहे. शेवटी सगळं ठीक होईल. कुणीतरी जबरदस्त ताकदीचा माणूस आपल्या बाजूने आहे आणि तो वेळेवर पोहोचेल.

काळोख्या सिनेमाचं आश्वासन बरोबर उलटं असतं. केलेल्या गोष्टीची किंमत मोजावी लागते. चांगला माणूस चुकतो, उशिरा पोहोचतो, आणि कधी कधी वाचवायचं तेच गमावतो.

या दोघांच्या वर बसतो ब्लॉकबस्टर, म्हणजे प्रचंड खर्च करून एकाच वेळी जगभर लावायचा आणि सगळ्या वयाच्या लोकांना खेचायचा सिनेमा. ‘द डार्क नाइट’चा खर्च साधारण १८.५ कोटी डॉलर होता. एवढे पैसे फक्त निराश सिनेमेच आवडतात म्हणणाऱ्यांकडून वसूल होत नाहीत. म्हणजे सिनेमाला भीषणही व्हायचंय आणि कुणाला फार दुखवायचंही नाही. त्याने शंभर कोटी डॉलरच्या वर धंदा केला, तेव्हा हिशेब जमला म्हणायचा. पण जिथे जिथे तो हिशेब जमवलाय तिथे तिथे प्रेक्षकाला काहीतरी खटकतं.

यात नवं काही नाही, हेही सांगायला हवं. ‘आमच्या वेळचा बॅटमॅन किती निरागस होता’ म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे १९६६ ची रंगीबेरंगी टीव्ही मालिका असते. बॉब केन आणि बिल फिंगर यांनी १९३९ मध्ये ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७ व्या अंकात आणलेला मूळ बॅटमॅन चांगलाच कठोर होता. गुन्हेगार आम्लाच्या टाकीत पडून मेला तरी त्याला काही वाटत नसे. १९५४ मध्ये अमेरिकेत कॉमिक्सच्या हिंसेवरून ओरड झाली, प्रकाशकांनी स्वतःच आचारसंहिता लावून घेतली आणि बॅटमॅन सोवळा झाला. १९८६ मध्ये फ्रँक मिलर यांनी, आणि त्याच सुमारास ॲलन मूर व डेव्ह गिबन्स यांनी ‘वॉचमेन’ या कॉमिकमधून, सुपरहिरोला परत अंधारात ओढलं. १९९७ चा ‘बॅटमॅन अँड रॉबिन’ इतका भडक आणि थिल्लर निघाला की पुढची आठ वर्षं बॅटमॅनचा एकही सिनेमा थिएटरात आला नाही. २००५ मध्ये नोलनचा पहिला बॅटमॅन आला तो त्या थिल्लरपणाला उत्तर म्हणून. हा लंबक असाच हलत आलाय.

हसू येतं आणि लगेच पोटात ढवळतं

आता एक प्रसंग जवळून पाहू. गुंडांच्या टोळीप्रमुखांची बैठक चाललीय. सिनेमाचा खलनायक जोकर न बोलावता आत येतो, एक पेन्सिल टेबलात उभी रोवतो आणि ती गायब करण्याची जादू दाखवतो म्हणतो. त्याला हाकलायला एक धटिंगण पुढे सरसावतो. जोकर त्याचं डोकं धरून टेबलावर आपटतो. धप्प असा आवाज. माणूस खाली कोसळतो आणि टेबलावर पेन्सिल नसते.

सगळं दोन-तीन सेकंदांत उरकतं. रक्ताचा थेंब नाही, जखम दाखवलेली नाही. थिएटरात हशा पिकतो. हशा विरायच्या आत पोटात काहीतरी ढवळतं, कारण पेन्सिल गेली कुठे याचं उत्तर पडद्याने दिलेलं नसतं. ते आपल्याच डोक्याने जुळवलेलं असतं. आपण कशाला हसलो ते कळतं, आणि तोवर हसून झालेलं असतं.

मिश्र भावना म्हणतात ती ही. पूर्वी बरेच मानसशास्त्रज्ञ आनंद आणि दुःख एकाच पट्टीची दोन टोकं मानत: एकीकडे सरकलात की दुसरीपासून लांब गेलात. जेफ लार्सन, पीटर मॅक्ग्रॉ आणि जॉन कॅसिओपो यांनी २००१ मध्ये या समजुतीची परीक्षा घेतली. ‘लाइफ इज ब्युटिफुल’ हा छळछावणीतल्या बापलेकाचा सिनेमा पाहणाऱ्यांना त्यांनी विचारलं, या घडीला तुम्हाला आनंद वाटतोय का, आणि दुःख वाटतंय का? दोन्ही प्रश्न वेगवेगळे. सिनेमा पाहून बाहेर आलेल्यांत दोन्हींना ‘हो’ म्हणणारे बरेच निघाले. म्हणजे पट्ट्या दोन आहेत आणि दोन्हींवरचा काटा एकदमच वर जाऊ शकतो.

आपल्याकडच्या साहित्यशास्त्राला हा पेच फार जुना आहे. चौदाव्या शतकातल्या विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणा’त कुठल्या रसाचं कुठल्या रसाशी वैर हे दिलेलं आहे. हास्याचे विरोधी दोन: भयानक आणि करुण. एकाच्या शेजारी दुसरा ठेवला तर रसभंग होतो, म्हणून लेखकाने जपावं, असा त्यामागचा सल्ला. जोकर हे पात्र हा सल्ला मुद्दाम धाब्यावर बसवण्यासाठीच रचलेलं आहे. पेन्सिलच्या प्रसंगात रसभंग झालाय असं वाटत असेल तर ते अगदी खरं आहे. तो चुकून झालेला नाही, एवढंच.

यात शरीराचाही हात असतो. डॉल्फ झिलमन या संशोधकाने मांडलेली कल्पना अशी: छाती धडधडायला लागली की ती कशामुळे धडधडतेय याची शरीर नोंद ठेवत नाही. भीतीने चढलेला जोर भीती ओसरल्यावरही काही काळ रक्तात राहतो आणि पुढच्या भावनेला जाऊन मिळतो. म्हणून धसका बसल्यानंतरचा फुटकळ विनोदही जास्त हसवतो आणि शेवटची सुटका जास्त गोड लागते. अडीच तास हे चाललं की बाहेर पडताना माणूस उत्तेजित असतो आणि थकलेलाही. ‘भारी आहे’ आणि ‘डोकं जड झालं’ ही दोन वाक्यं एकाच तोंडून येतात ती अशी.

व्हिलनच आवडला, म्हणजे आपलं काही बिघडलंय का?

नाही. पण प्रश्न टाळण्यासारखाही नाही.

साधारणपणे आपण पडद्यावरच्या पात्रांचं वागणं न्यायाधीशासारखं तोलत बसतो. जो बरा वागतो त्याचं भलं व्हावं, जो वाईट वागतो त्याची खोड मोडावी. हे समीकरण बिघडवायचं असेल तर पात्राचं वागणं तोलायला वेळच द्यायचा नाही, आणि ‘नोलन आणि कंपनी’ने तेच केलंय. जोकरला मागचा इतिहास नाही. तोंडावरचे व्रण कसे आले याची तो दोनदा गोष्ट सांगतो आणि दोन्ही वेळा वेगळी. नाव, गाव, कारण, काहीच हाती लागत नाही. ज्याची कहाणी माहीत आहे त्याची कीव येते किंवा राग येतो. याचं नुसतं कुतूहल वाटत राहतं.

शिवाय कथेची सूत्रं त्याच्या हातात आहेत. बॅटमॅन जवळजवळ पूर्ण सिनेमाभर त्याच्या मागे धावतोय. पुढे काय होणार हे जोकर ठरवतो, आणि आपलं लक्ष आपोआप अशा पात्राकडे जातं. त्याचं संगीतही तसंच: हान्स झिमर यांनी त्याच्यासाठी गुणगुणता येईल अशी चाल बांधलीच नाही. एकच सूर ताणत, कर्कश करत नेलाय, तो कधी तुटेल याची वाट बघत आपण खुर्चीच्या काठावर येतो.

आणि जोकर साकारणारा हीथ लेजर. सिनेमा लागण्याआधी सहा महिने, २२ जानेवारी २००८ रोजी, वयाच्या २८ व्या वर्षी तो गेला. २००९ च्या फेब्रुवारीत त्याला मरणोत्तर ऑस्कर मिळालं. त्या वर्षी थिएटरात बसलेला प्रत्येक जण एका मेलेल्या तरुण नटाला जिवंतपणाच्या कळसावर बघत होता. त्या कामाचं मोल त्या हळहळीपासून वेगळं काढता येतं असं मला वाटत नाही, आणि काढायची गरजही दिसत नाही. अभिनय थोर आहे. आपण तो हळहळत पाहिला हेही तितकंच खरं.

जोकर आवडणं म्हणजे त्याचं म्हणणं पटणं नव्हे. काही लोक मात्र त्याचं म्हणणं पटल्यासारखं बोलतात, तेव्हा त्यांना बोटींचा प्रसंग आठवून द्यावा लागतो. त्याकडे येतोच.

एकूण गुण आणि विषयवार गुण

समजा एका मुलाला एकूण साठ टक्के पडले. दुसऱ्यालाही साठच. पहिल्याला प्रत्येक विषयात साठच्या आसपास आहेत. दुसऱ्याला गणितात पंचाण्णव आणि भाषेत पंचवीस. एकूण सारखं, मुलं मात्र पूर्ण वेगळी. गुणपत्रिकेचा शेवटचा आकडा तेवढा वाचणाऱ्याला हे कळणारच नाही. सिनेमाबद्दलच्या मिश्र मताचं तसंच असतं. ‘ठीक वाटला’ आणि ‘काही गोष्टींनी वेड लावलं, काहींनी वैतागलो’ या दोन्हींना आपण ‘दहापैकी सहा’ म्हणतो आणि गल्लत करून बसतो.

आकडे देणाऱ्या संकेतस्थळांचीही हीच अडचण. ‘रॉटन टोमॅटोज’वरची टक्केवारी म्हणजे सिनेमाला मिळालेले गुण नव्हेत. किती टक्के समीक्षकांनी बऱ्यापैकी अनुकूल लिहिलं एवढंच ती सांगते. शंभर समीक्षकांनी ‘बघायला हरकत नाही’ म्हटलं तरी तिथे शंभर टक्के दिसतील. ‘सिनेमास्कोर’ पहिल्या दिवशी थिएटरातून बाहेर पडणाऱ्यांना श्रेणी विचारतो, म्हणजे मुळातच उत्सुक असलेल्यांना. २०१६ मध्ये ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’ आला तेव्हा अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत १६.६ कोटी डॉलर जमले आणि दुसऱ्या आठवड्याअखेरीस कमाई तब्बल ६९ टक्क्यांनी कोसळली. त्या सिनेमाचे कट्टर चाहते आजही भांडायला तयार आहेत, आणि तो न आवडणारेही. तिथे प्रेक्षक दुभंगले होते. ‘द डार्क नाइट’ एकाच प्रेक्षकाला आतून दुभंगतो. दोन्हींना आपण ‘संमिश्र प्रतिसाद’ म्हणतो.

तेव्हा मी विषयवार गुण देतो.

दृश्यं: जवळजवळ पैकीच्या पैकी. मोठ्या व्यावसायिक कथापटात आयमॅक्सचे अवजड कॅमेरे वापरून प्रसंग चित्रित करण्याची ही पहिलीच वेळ. सुरुवातीचा बँकदरोडा त्यांनीच टिपलाय. शिकागोच्या रस्त्यावर अठरा चाकांचा ट्रक खरोखर उभाच्या उभा उलटवला. संगणकावर काढलेलं दृश्य आणि प्रत्यक्षात घडलेलं दृश्य यांतलं वजन डोळ्यांना कळतं, सांगावं लागत नाही.

संकलन: इथे मात्र गुण कापतो. त्याच ट्रकच्या पाठलागात कोण कुठल्या दिशेने जातोय हे मध्येच हरवतं. सिनेमात एक साधा नियम पाळतात: दोन पात्रांमध्ये एक अदृश्य रेषा धरायची आणि कॅमेरा शक्यतो तिच्या एकाच बाजूला ठेवायचा, म्हणजे डावीकडे जाणारा डावीकडेच जाताना दिसतो. या पाठलागात ती रेषा वाटेल तशी ओलांडलीय. समीक्षक जिम इमर्सन यांनी २०११ मध्ये या प्रसंगाची एकेक चौकट सोडवून हे दाखवलं होतं. ‘मारामारीत काही कळलंच नाही’ म्हणणाऱ्याचे डोळे शाबूत आहेत.

बॅटमॅनचा घोगरा आवाज: यावर इतकी चेष्टा होऊन गेलीय की मी आणखी भर घालत नाही.

स्त्री पात्र: नापास. रेचेल डॉज ही वकील, हुशार, बॅटमॅन आणि सरकारी वकील हार्वे डेंट या दोन नायकांच्या आयुष्यातली महत्त्वाची व्यक्ती. सिनेमाच्या मध्यावर तिचा स्फोटात बळी जातो आणि त्यानंतर कथा पूर्णपणे तिच्या मागे राहिलेल्या दोन पुरुषांच्या दुःखाची होते. कॉमिक्समध्ये ही खोड इतकी जुनी आहे की लेखिका गेल सिमोन यांनी १९९९ मध्ये पुरुष नायकाला पेटवण्यासाठी मारलेल्या, छळलेल्या स्त्री पात्रांची यादीच प्रसिद्ध केली होती. काळोखं म्हणवणाऱ्या सिनेमाने काळोख कुणाच्या वाट्याला दिला हे तपासत जावं.

ऑस्करवाल्यांनाही याचे गुण नीट लावता आले नाहीत. आठ नामांकनं दिली, पण सर्वोत्तम चित्रपटाच्या पाचांत घेतलं नाही. पुढच्याच वर्षी त्या यादीत पाचाऐवजी दहा जागा केल्या. त्या निर्णयामागे या सिनेमाला डावलल्याची टोचणी होती असं अनेक जण मानतात.

फोनचा प्रसंग: माझा खरा ‘पण’

आता मला सर्वांत जास्त खटकणारी जागा.

जोकर सापडत नाही तेव्हा बॅटमॅन गॉथम शहरातल्या प्रत्येक माणसाचा फोन त्याच्या नकळत पाळतीचं यंत्र बनवतो. तीन कोटी लोकांचं खासगी आयुष्य एका भिंतभर पडद्यांवर. त्याचा विश्वासू ल्युशियस फॉक्स ते बघून हादरतो. एवढी सत्ता एका माणसाच्या हाती नको, असं त्याचं म्हणणं. या वेळेपुरती मदत करीन, यंत्र राहिलं तर मी राहणार नाही. काम फत्ते होतं, फॉक्स आपलं नाव टंकतो आणि यंत्र स्वतःच नष्ट होतं.

हे काल्पनिक वाटत असेल तर तारखा बघा. अमेरिकेत पाळतीचे अधिकार वाढवणाऱ्या, आणि सरकारला मदत केलेल्या दूरसंचार कंपन्यांना खटल्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यावर अध्यक्ष बुश यांनी १० जुलै २००८ रोजी सही केली. सिनेमा लागला १८ जुलैला. कादंबरीकार अँड्र्यू क्लेव्हन यांनी ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये लिहिलं की हा सिनेमा म्हणजे दहशतवादाशी लढणाऱ्या बुश यांची स्तुती आहे. दुसऱ्यांना त्यात नेमकी पाळतीवरची टीका दिसली.

दोघांनाही पुरावा मिळतो, कारण सिनेमा दोन्ही बाजूंनी बोलतो. चौकशीच्या खोलीत बॅटमॅन जोकरला बेदम मारतो, आणि जोकर हसत राहतो. शेवटी रेचेल आणि डेंटला कुठे डांबलंय ते पत्ते देतो तेही अदलाबदल करून. मारहाण वाया जाते, रेचेल मरते. इथपर्यंत काळोख्या सिनेमाचं आश्वासन चोख पाळलंय: गैरमार्गाची किंमत मोजावी लागते. पाळतीच्या यंत्राला मात्र असली काही किंमत नाही. ते चालतं, जोकर सापडतो, चांगल्या माणसाने ते एकदाच वापरलं म्हणून सगळं क्षम्य, आणि यंत्र विनातक्रार स्वतःला जाळून घेतं. खरी यंत्रं अशी जळत नाहीत. इथे सुपरहिरोच्या आश्वासनाने काळोख्या सिनेमाचा हात पिरगाळला आणि सिनेमाने गप्प राहणं पत्करलं. फॉक्सच्या तोंडी दोन वाक्यं घालून आपलं समाधान केलं, एवढंच.

बोटींच्या प्रसंगात याच्या उलट झालंय आणि म्हणून तो मला या सिनेमातला सर्वांत धाडसी वाटतो. दोन बोटी. एकीत कैदी, एकीत सामान्य नागरिक. प्रत्येकीकडे दुसरी बोट उडवायचं बटण. मध्यरात्रीपर्यंत कुणीच दाबलं नाही तर दोन्ही उडणार. नागरिक मतदान घेतात. निकाल: उडवा म्हणणारे ३९६, नको म्हणणारे १४०. आणि तरी बटण दाबायला एकही हात पुढे होत नाही. दुसऱ्या बोटीवर एक धिप्पाड कैदी पहारेकऱ्याकडून बटण मागून घेतो आणि सरळ खिडकीतून फेकून देतो.

‘माणसं मुळात चांगली असतात’ हा निष्कर्ष काढून बरेच जण मोकळे होतात आणि प्रसंग भाबडा म्हणतात. ते ३९६ विसरून. चिठ्ठीवर लिहिताना माणसं खून करायला तयार होती. स्वतःच्या बोटाने करायची वेळ आली तेव्हा मागे सरली. त्याला चांगुलपणा म्हणायचं की भित्रेपणा, हे सिनेमा ठरवत नाही. जोकर हरतो, पण त्याचं म्हणणं निम्मं खरं ठरतं.

‘अंधारात काही दिसतच नाही’ याचं काय?

ही तक्रार हसण्यावारी नेतात, पण तिला चांगलं कारण आहे. उजळपणा निट या एककात मोजतात. डिजिटल थिएटरच्या पडद्याचं प्रमाण ४८ निट आहे. हातातला फोन भर उजेडात त्याच्या कितीतरी पट झगझगतो. थिएटर पूर्ण काळोखं असेल आणि प्रोजेक्टरचा दिवा नवा असेल तरच ते ४८ पुरतात. थ्रीडी असेल तर त्यातलाही निम्म्याहून जास्त प्रकाश चष्म्यात आणि यंत्रणेत गळतो. २०२२ चा ‘द बॅटमॅन’ बराचसा रात्रीच्या पावसात घडतो. तो घरी, दिवसा, पडदे न ओढता लावला तर काळ्या काचेत स्वतःचाच चेहरा बघत बसावं लागेल. मत बनवण्याआधी एकदा दिवे मालवून बघा. तरीही दिसलं नाही तर खुशाल नावं ठेवा.

‘मनोरंजन आहे, एवढा काथ्याकूट कशाला?’

कारण सिनेमाच तो मागतो. केळीच्या सालीवरून घसरणारा विनोदी चित्रपट पाळतीवर, छळावर, खोटं बोलून शहराची आशा टिकवण्यावर मत देत नाही. हा देतो. शेवटी पोलीस अधिकारी गॉर्डन आणि बॅटमॅन मिळून हार्वे डेंटने केलेले खून लपवतात, बॅटमॅन ते स्वतःच्या माथी घेतो आणि लोकांना सोयीचं खोटं सांगितलं जातं. एवढं गंभीर बोलायचं आणि कुणी उलट प्रश्न विचारला की ‘अहो, टोपीवाल्या वटवाघळाची तर गोष्ट’ म्हणायचं, हे चालणार नाही.

‘असले सिनेमे हिंसा शिकवतात’

या आक्षेपाच्या मागे एक खरी, भयंकर घटना आहे. २० जुलै २०१२ रोजी अमेरिकेत कोलोरॅडोतल्या ऑरोरा इथे याच मालिकेतल्या पुढच्या सिनेमाच्या, ‘द डार्क नाइट रायझेस’च्या मध्यरात्रीच्या खेळात गोळीबार झाला आणि बारा जण मारले गेले. मारेकऱ्याने स्वतःला जोकर म्हणवलं, अशी बातमी जगभर पसरली. पुढे तिला आधार सापडला नाही, पण ती आजही सांगितली जाते. २०१९ मध्ये ‘जोकर’ हा स्वतंत्र सिनेमा आला तेव्हा हिंसा भडकेल या भीतीने अमेरिकेत थिएटरांबाहेर बंदोबस्त वाढवला होता. तसं काही घडलं नाही. सिनेमाने व्हेनिसमध्ये सर्वोच्च पुरस्कार मिळवला आणि वाकीन फीनिक्सने ऑस्कर.

म्हणून सिनेमाचा परिणामच होत नाही असंही नाही. एका माणसाला सिनेमा खुनी बनवतो, हे सिद्ध करणं जवळजवळ अशक्य आहे. लाखो लोकांना एखादी गोष्ट चालण्यासारखी वाटायला लावणं त्याला सहज जमतं. जोकरच्या चाकूपेक्षा मला फॉक्सच्या यंत्राची धास्ती जास्त वाटते ती त्यामुळेच.

मुलांना दाखवावा का?

पालकांचा खरा प्रश्न हा. अमेरिकेत ‘पीजी-१३’ ही श्रेणी १९८४ मध्ये आली, कारण ‘इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम’ आणि ‘ग्रेमलिन्स’ हे सिनेमे लहानांच्या श्रेणीत बसत नव्हते आणि मोठ्यांच्याही. ब्लॉकबस्टरांना ही मधली जागा फार सोयीची पडली. रक्त दाखवू नका, शिव्या मोजक्या ठेवा, मग भीती हवी तेवढी भरा. ‘द डार्क नाइट’ याच फटीतून गेला. ब्रिटनमध्ये त्याला ‘१२ए’ मिळालं, म्हणजे मोठं माणूस बरोबर असेल तर बाराखालच्या मुलांनाही प्रवेश. तिथल्या प्रमाणपत्र मंडळाकडे तक्रारींचा ढीग लागला आणि काही खासदारांनीही जाहीर नापसंती दाखवली.

तक्रार करणाऱ्यांशी मी सहमत आहे. श्रेणी ठरवणारे दिसलेलं मोजतात आणि हा सिनेमा बरंचसं न दाखवता घाबरवतो. त्यातून शेवटच्या वीस मिनिटांत अर्धा चेहरा जळालेला हार्वे डेंट गॉर्डनच्या लहान मुलाच्या डोक्याला पिस्तूल लावून नाणं उडवतो. बाप समोर उभा राहून गयावया करतोय. आठ-नऊ वर्षांचं मूल ते दृश्य त्या मुलाच्या जागी उभं राहून बघतं. जोकरचा मेकअप विसरलं जाईल, ते नाणं विसरणं अवघड. तेरा-चौदाच्या पुढच्यांबरोबर बसून बघायला हरकत नाही. फक्त रात्री उशिरा लावू नका, १५२ मिनिटांचा आहे, आणि संपल्यावर बोलायला अर्धा तास तरी हाताशी ठेवा.